बॅटरी का उतरते

"बोट रोज किती जोरात पळवता?" नगरहून आलेल्या मेकॅनिकने सहज विचारलं आणि आप्पासाहेब खिशातला रुमाल शोधायला लागले.

"बेतानंच," ते म्हणाले. "पेट्रोल सरकारी आहे."

मुळा धरणाच्या काठाला खात्याची बोट बांधलेली होती. मागच्या फळीवर मोटर, तिच्या पुढ्यात बॅटरी. आप्पासाहेब धरणावरचे ओव्हरसिअर. बोटीतून हिंडून पाण्याची खोली मोजायची, हे त्यांचं काम. बोट चालवायची, हे कारभारी नावाच्या खलाशाचं. बटण दाबून मोटर सुरू होत नाही, बॅटरी सारखी उतरते, अशी तक्रार आप्पासाहेबांनीच वर पाठवली होती. भर पाण्यात मोटर बंद पडली की कारभारी दोरी ओढ ओढ ओढायचा, बोट डुलायची, आणि तेवढा वेळ आप्पासाहेबांचा जीव टांगणीला लागायचा.

कारण ते दुष्काळी मिरजगावकडचे. तिकडच्या माणसाचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता, आणि तोही काठावरून. धरणावरच्या ओव्हरसिअरला पाण्याची भीती वाटते हे कळलं असतं, तर तिथल्या वसाहतीत त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कारभारीलाही नाही. पण पहिल्याच दिवशी साहेबांनी फळीला मारलेली मिठी बघून कारभारीने मोटर जी हळू केली, ती पुन्हा कधी वाढवली नाही.

मेकॅनिक रंगनाथने बॅटरीची झाकणं उघडली. बॅटरीचं एखादं घर, एखादा सेल मेलेला निघू दे, म्हणजे वेगाचा विषय निघणार नाही, असा आप्पासाहेबांनी देवाचा धावा केला. रंगनाथने काचेची नळी प्रत्येक घरात बुडवली, आतलं ॲसिड ओढून डोळ्यांसमोर धरलं.

"सगळी सारखीच उपाशी," तो म्हणाला. "आजारी एकही नाही."

"पण ती टोकांवरची पांढरी बुरशी?" आप्पासाहेबांनी आशेने बोट दाखवलं.

रंगनाथने टोकं सोड्याच्या पाण्याने धुतली, पॉलिश पेपरने घासली, वायरी आवळून बसवल्या. मग मध्ये मीटर जोडला आणि कारभारीला मोटर सुरू करायला सांगितलं. दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला ती फुरफुरली. काटा शून्यावर.

"वायर तुटली असेल आतून," आप्पासाहेब म्हणाले. "किंवा कॉइल जळली असेल. जळतेच कॉइल."

"बघू की." रंगनाथने बोटीची दोरी खुंटाला पक्की आहे याची खात्री केली आणि मोटर एकदम वाढवली. पाणी उसळलं. काटा टुणकन उडी मारून पुढे गेला. मोटर हळू केली, काटा शून्यावर. पुन्हा वाढवली, पुन्हा पुढे.

रंगनाथने हात पुसले. त्याच्या तोंडावर कीर्तनकाराची कळा आली. "मोटर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. बटण दाबलं की मोटर बॅटरीतून घोटभर पिते. ते परत भरायचं तर मोटरीचं चाक जोरात फिरायला हवं. सायकलचा डायनामो बघा. सायकल हातात धरून चालत नेली तर दिवा लागतो का? साहेब, ही बोट तुम्ही हातात धरून नेताय."

"पेट्रोलची बचत—"

"बचत नाही हो ही." रंगनाथने आधी साहेबांकडे, मग कारभारीकडे पाहिलं. "या बोटीत कुणीतरी घाबरतंय."

आप्पासाहेबांनी लांबवरच्या धरणाच्या भिंतीकडे नजर लावली. कानशिलं तापली होती.

"मी," कारभारी म्हणाला.

"तू? गाव कुठलं तुझं?"

"कोल्हार."

"प्रवरेच्या काठचा गडी, आन् पाण्याला भितो?"

"पान्याला न्हाई. येगाला," कारभारी खाली मान घालून म्हणाला. "लई भ्या वाटतं. सायबांनी कितीदा सांगितलं, पळव म्हनून."

आप्पासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत रंगनाथने मांडीवर थाप मारली.

"मग आजच मोडू तुझी भीती! साहेब, तुम्ही याच्या शेजारी बसा. हात धरा त्याचा. मोठं माणूस जवळ असलं की धीर येतो."

आप्पासाहेब बसले. कारभारीने एका हाताने मोटरीचा दांडा धरला, दुसरा साहेबांच्या हातात दिला. रंगनाथने खुंटावरची दोरी सोडली, पुढ्यात मीटरवर वाकून उकिडवा बसला आणि ओरडला, "सोड!"

बोटीचं तोंड वर उचललं गेलं. काठ मागे पळाला. आप्पासाहेबांनी डोळे मिटून मूठ आवळली.

"आई गं!" कारभारी कळवळला.

"घाबरू नको!" रंगनाथ काट्यावरची नजर न काढता म्हणाला. "चार आला! साहेब, घट्ट धरा त्याला!"

साहेबांनी दोन्ही हातांनी धरलं. वळणावर बोट कलली तेव्हा कारभारी असा ओरडला, की काठावरचे बगळे उडाले.

"सहा! भरतेय बॅटरी, भरतेय!"

बऱ्याच वेळाने बोट काठाला लागली. रंगनाथने मीटर सोडवला, खाली उतरला आणि वळून पाहतो तर दोघं तसेच बसलेले. कारभारीची बोटं निळी पडली होती.

"सोडा आता साहेब," रंगनाथ हसून म्हणाला. "गेली त्याची भीती."

कारभारीने एकवार साहेबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आजून थोडी हाय."