किटलीच्या पोटात

ऑनलाइन ज्ञानकोशात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. तिथे ती हौसेनं पहारा द्यायची. पैसे घेऊन लिहिलं तर तसं सांगायचं, आपल्या माणसाचा निवाडा आपण करायचा नाही, हे नियम तिला तोंडपाठ. आज एका किटलीवाल्या कंपनीच्या लेखात कौतुक उतू चाललं होतं. ‘कंपनीशी माझा काडीचाही संबंध नाही,’ लिहिणाऱ्यानं ठणकावलं होतं. तिनं लेखातला किटलीचा फोटो मोठा केला. चकचकीत किटलीच्या पोटात खिडकीचं प्रतिबिंब दिसलं, खिडकीला आपल्याच घरातला पडदा, आणि टेबलाशी लॅपटॉपवर वाकलेली ती स्वतः. तेवढ्यात नवरा तीच किटली घेऊन आला. तिनं स्क्रीन वळवली. तो किटली टेबलावर ठेवून बसला. “नोकरी गेली गं. तुला सांगवेना, म्हणून पैसे घेऊन हे लिहिलं. आता लेख उडवशील?” “मी नाही,” म्हणत तिनं त्याचा कप भरला. मग सहकाऱ्यांना लिहिलं: ‘हे दुसऱ्या कुणीतरी बघावं. लिहिणारं माझंच माणूस आहे.’