नखाएवढी खूण

मिस्त्रीने बायकोच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि सरळ जमिनीवर पालथा केला. बायको न्हाणीघरात होती. आत पाणी पडतंय तोवर त्याला उचकापाचक करायला मोकळीक होती.

तो पुरावा शोधत होता. फोटो, दुसरं सिमकार्ड, एखादा अनोळखी रुमाल, काहीही चाललं असतं. कित्येक महिने बायकोच्या खालच्या अंगाला आग होत होती. मलमं झाली, गोळ्या झाल्या. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संसर्ग परत परत होतोय. पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या."

नवऱ्याला! नवरा दोन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होता. त्याने तिला बोटही लावलं नव्हतं. मग हा संसर्ग आणला कोणी?

थोरल्या बहिणीने त्यात तेल ओतलं. "असलं दुखणं घरात बसून होत नाही रे बाबा. डोळे उघडे ठेव."

मिस्त्रीने डोळे उघडे ठेवले. दूध टाकणाऱ्यावर ठेवले, वरच्या मजल्यावरच्या मास्तरवर ठेवले, बायकोच्या मावसभावालाही सोडलं नाही. फोन वाजला की त्याचे कान ताठ. ती गॅलरीत जास्त वेळ उभी राहिली की हा समोरच्या खिडक्या मोजायचा. स्वतःकडे बघायचं तेवढं राहून गेलं. पुरुषांचं ते नेहमीच राहून जातं.

जुन्या स्वेटरच्या बाहीत काहीतरी गुंडाळलेलं लागलं. त्याने बाही झटकली. गुलाबी रंगाची, वीतभर लांबीची, पुरुषाच्या अंगाच्या घाटाची वस्तू त्याच्या तळहातावर पडली. कशासाठी असते ते लहान पोरालाही सांगायला नको, आणि मिस्त्रीला तर नकोच नको. बोटांना तेलकट चिकटा लागला. त्याने ती उलटी केली. बुडाशी नखाएवढी, चंद्रकोरीसारखी खूण होती.

तो खाटेवर बसला.

ती खूण त्याच्या साच्याची होती. गल्लीत त्याने सांगून ठेवलं होतं, की आमच्या कारखान्यात नळाचे वायसर होतात. व्हायचेही, एके काळी. मग मालकाला या असल्या वस्तूंचं नवीन गिऱ्हाईक मिळालं. मालकाने टेबलावर दोन नमुने ठेवले. एक सिलिकॉनचा, एक जेलीचा, म्हणजे तेल घालून मऊ केलेल्या स्वस्त प्लॅस्टिकचा. "मिस्त्री, माल तुम्ही ओतणार. तुम्हीच ठरवा."

मिस्त्रीने दोन्ही उकळत्या पाण्यात टाकून पाहिले. सिलिकॉनचा जसाच्या तसा बाहेर आला. जेलीचा लोळागोळा झाला. म्हणजे तो उकळून धुता येणार नाही, हे त्याला तिथेच कळलं. जेलीचा दुसरा तुकडा कागदावर ठेवला, तर सकाळी कागदावर तेलाचा डाग. जेलीच्या अंगाला बारीक छिद्रं, त्यांत घाण बसली की निघायची नाही. सगळं कळलं. पण सिलिकॉन महाग, आणि वेळखाऊ. शिवाय वापरणार कोण? मिस्त्री हसून म्हणाला होता, "जेलीच ओता. असल्या बायकांना काय धाड भरलीय?" तेलाचा वास मारायला त्यात स्ट्रॉबेरीचं अत्तर घालायची अक्कलही त्याचीच. साच्याचा बुडाशी टवका उडाला, तेव्हा पोऱ्याने घासून काढू का म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "राहू दे, तिथे कोण बघतंय?"

पाण्याचा आवाज थांबला. बायको केस पुसत बाहेर आली. तिने जमिनीवरचे कपडे पाहिले, मग त्याचा हात पाहिला. घाबरेल असं त्याला वाटलं होतं. ती घाबरली नाही.

"मागवलं मी," ती म्हणाली. "कोणाच्या दारात गेले नाही ना? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही वापरता का. लाजेने नाही म्हटलं. आता माझं सांगून झालं. तुमचं सांगा."

"माझं काय?"

"अहो, रोज रात्री तुमचा शर्ट मीच भिजवते. त्याला हाच वास येतो. हाच! वायसरला स्ट्रॉबेरीचा वास येतो होय?" तिचा आवाज चिरकला. "कोण आहे ती? जिच्याकडे जाता, तिच्याकडेही असलंच आहे ना?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. खरं सांगायला फार शब्द लागणार नव्हते. हे मी केलंय, हे घाण आहे, फेकून दे. एवढं बोलला असता, तर बाई बरी झाली असती. पण मग ती विचारणार, ठाऊक असून केलंत? कोणासाठी केलंत? आणि गल्लीत कळलं तर? बाई ठेवलेला पुरुष गल्लीत मान वर करून चालतो, लोक मागून डोळे मिचकावतात. बायकांची असली खेळणी ओतणाऱ्याला पोरंटोरंही हसली असती.

त्याने ती वस्तू खाटेवर ठेवली आणि हात पँटीला पुसले.

"हो," तो म्हणाला. "आहे एक."

बायकोने ती वस्तू उचलली.

"मग हे माझ्यापाशीच राहू दे," ती म्हणाली, आणि ती नीट स्वेटरच्या बाहीत गुंडाळून तिने पुन्हा कपाटात ठेवली.