डोकं पांढरं, शेपटी पांढरी

आधी टोपी सापडली. पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्याला अडकून ती हेलकावे खात होती. व्हर्नाने वाकून ती काढली, पिळली आणि जॅकेटच्या आत छातीशी कोंबली. लाल लोकरीची ही टोपी तिनेच वेस्लीमामासाठी विणली होती. ती त्याच्या डोक्यावरून कधी उतरली नव्हती, झोपताना नाही की चर्चमध्ये नाही.

क्लिफने, तिच्या नवऱ्याने, बोटीचा वेग कमी केला. मामा काल दुपारी एकटाच चिल्कॅट नदीवर गेला होता, धुरावर सुकवायला मासे आणतो म्हणून. सकाळी त्याची बोट रिकामी वाहत गावाशी आली. बंदूक बोटीतच होती. आणि आता ही टोपी.

बोटीच्या टोकाला क्लिफने एक कोरं ब्लँकेट घडी घालून ठेवलं होतं. व्हर्नाला दिसू नये म्हणून त्यावर दोर टाकला होता, पण तिने ते निघतानाच पाहिलं होतं. गावात कुळं दोनच, गरुड आणि डोमकावळा; मामा आणि ती गरुडांकडची, क्लिफ डोमकावळ्यांकडचा. एका बाजूचं माणूस गेलं की त्याला उचलायचं, न्हाऊ घालायचं, त्याच्यासाठी खड्डा खणायचा, हे सगळं दुसऱ्या बाजूने करायचं. घरच्यांनी फक्त रडायचं. रिवाज चांगलाच आहे, पण ती नीटनेटकी घडी बघून व्हर्नाला नवऱ्याचा मनापासून राग आला.

"वाळूकडे लक्ष ठेव," क्लिफ म्हणाला. "गरुड खाली कुठे जमलेत ते बघ."

याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. गरुड जमिनीवर जमतात तिथे काहीतरी मरून पडलेलं असतं. लहानपणापासून दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती मामाबरोबर याच नदीवर गरुड मोजायला यायची. एखादा तिच्या नजरेतून सुटला तर मामा घरी पोहोचेपर्यंत चिडवायचा. आज मात्र एकही दिसू नये असं तिला वाटत होतं.

म्हणून ती वाळूकडे बघेचना. पलीकडच्या काठावरच्या पानं झडलेल्या झाडांकडे बघत राहिली. गळ्यात मामाचीच दुर्बीण होती, ती डोळ्यांना लावायचा धीर झाला नाही. पण सवयीने हाताचं बोट वर झालं आणि मोजू लागलं. शेंड्यावर एक पांढरं डोकं. शेजारच्या झाडावर दुसरं. खालच्या फांदीवर मातकट रंगाचं पिल्लू, अजून काही वर्षं त्याचं डोकं काही पांढरं व्हायचं नाही. वळणावरच्या जुन्या झाडावर, खोडाला टेकून, एकटाच एक.

"पांढरं दिसलं की लगेच मोजू नकोस, पोरी," मामा म्हणायचा. "बर्फाचा गोळाही पांढराच असतो. डोकं पांढरं, शेपटी पांढरी, तर तो आपला."

आणखी वर गेल्यावर वाळूत ते दिसलेच. दहाबारा गरुड, माना खाली, पंख फुगवलेले. क्लिफने बोट लावली आणि ब्लँकेट काखेत मारून तो एकटाच उतरला. व्हर्नाने डोळे घट्ट मिटून घेतले. गरुड चित्कारत उडाले, मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"मासे आहेत," क्लिफ परत येऊन म्हणाला. "नुसते मासे." वाळूत अस्वलाचे ताजे ठसेही होते. ते सांगताना मात्र त्याने नजर चुकवली.

"मग ते ब्लँकेट ठेव आता बाजूला."

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "ते लागणार आहे."

तिला रडू आवरेना.

क्लिफने बोट गावाच्या दिशेने वळवली. ते वळणाजवळ आले आणि शोधासाठी आलेलं हेलिकॉप्टर डोक्यावरून धडधडत समुद्राकडे गेलं. सगळ्या काठावरचे गरुड एकदम उठले. झाडं ओस पडली. व्हर्नाचं बोट सवयीने पुन्हा वर झालं आणि तिथेच थांबलं. खोडाला टेकलेला तो एकटा उडालाच नव्हता.

"म्हातारा दिसतोय," क्लिफ म्हणाला. "बसू दे बिचाऱ्याला."

व्हर्नाने दुर्बीण डोळ्यांना लावली. पांढरं डोकं. काळपट तपकिरी अंग. मग लहानपणापासूनच्या शिस्तीने तिने नजर खाली नेली.

"क्लिफ, इंजिन बंद कर."

"का?"

"त्याला शेपटी नाही."

क्लिफला काही कळलं नाही, पण त्याने इंजिन बंद केलं. टोपीशिवाय मामाचं डोकं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते इतकं पांढरं झालं असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

झाडाखालच्या झुडपांतून अस्वलाची गुरगुर ऐकू आली. क्लिफने झटकन पायाशी ठेवलेली आपली बंदूक उचलली आणि हवेत बार काढला. झुडपं मोडत ते धूड जंगलात पळालं. व्हर्नाने ब्लँकेट ओढलं आणि त्याची घडी उलगडली. ते लागणार होतंच.

तेवढ्यात झाडावरून, रात्रभर ओरडून पार बसलेल्या आवाजात, मामा खेकसला:

"मघाशी मोजून पुढे गेलीस की गं मला!"