दोघींनी वाचलेलं पान

त्या कादंबरीतली आई नवऱ्याला आणि मुलीला सोडून जाते, आयुष्यभर पस्तावते आणि शेवटच्या पानावर घराची कडी वाजवते. ते पान वाचून निशा उशी भिजेपर्यंत रडली. तिची आई, कमळ, आठ वर्षांपूर्वी कोन गावातलं घर सोडून वज्रेश्वरीला गेली होती. तिथे देवळाजवळ ओटीचं सामान विकायची. तीही अशीच झुरत असणार, याची निशाला खात्री पटली. तिनं कादंबरी आईला पाठवून दिली आणि स्वतःच्या हळदीच्या तोंडावर बसनं वज्रेश्वरी गाठली.

कमळनं तिला दुकानात बसवलं, चहा मागवला.

"हळदीला येशील ना आई? आणि मग राहा तिथंच. बाबा आता पहिल्यासारखे नाहीत."

"हळदीला येईन की," कमळ गिऱ्हाइकाला नारळ देत म्हणाली.

"पुस्तक वाचलंस?"

"वाचलं ना. लय रडले."

निशानं आईचा हात घट्ट धरला. "मला माहीतच होतं! कुठं रडलीस, सांग ना."

"शेवटच्या पानावर." कमळनं हात हळूच सोडवून घेतला. "सुटली होती गं बिचारी. कशाला परत गेली?"