खांबावरचा माणूस

भर दुपारी वॉर्डातले पंखे थांबले, तसं सर्जेरावच्या खाटेजवळचं यंत्र बॅटरीवर गेलं. त्याच्या दंडाच्या भाजलेल्या जखमेत स्पंज भरून वरून पारदर्शक पट्टी चिकटवली होती, आणि नळी लावून ते यंत्र आतली घाण सारखी ओढून घेत होतं. डॉक्टर म्हणाले होते, ही ओढ टिकली तर हात वाचेल.

आसपासच्या खाटांवरून वीजवाल्यांचा उद्धार सुरू झाला. सर्जेराव स्वतः लाइनमन.

जनरेटर नादुरुस्त होता. तासाभरानं बॅटरीही संपत आली आणि यंत्र केकाटू लागलं.

"बंद पडलं तर सगळं सोडून नव्यानं बांधावं लागेल, मामा," सिस्टर म्हणाली. मागच्या खेपेला पट्टी सोडताना तो गुरासारखा ओरडला होता.

बायकोनं त्याचाच मोबाइल पुढं केला. "अवो, सबस्टेशनात तुमचीच मान्सं हायेत. एक फोन लावा, लगीच लाइट सोडत्याल."

तो खांबावर चढला होता त्या दिवशीही कुणीतरी असाच फोन लावला होता. तो खाली उतरल्याचा निरोप यायच्या आधीच सबस्टेशनातल्या ऑपरेटरनं लाइनीत वीज सोडली होती.

धड असलेल्या हातानं त्यानं मोबाइल घेतला आणि उशीखाली सारला.

"सिस्टर, पट्टी सोडायला घ्या," तो म्हणाला. "वर अजून कुणीतरी असंल."