जरा पाणी

“सूनबाई, जरा पाणी!”

परत हाक आली. तिने छकुलीला उंच खुर्चीत अडकवलं, ग्लास भरला आणि मागच्या अंगणात गेली. सासरे जुन्या गॅस ग्रिलसमोर उकिडवे बसले होते. एक हात सिलिंडरच्या चावीवर. त्यांनी ग्लास घेतला, तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि ग्लास तसाच कठड्यावर ठेवून दिला. तिथे आधीचे ग्लासही भरलेलेच होते.

“पोरीला इकडे आणू नकोस हं.”

“नाही आणली,” ती फणकारली. जशी काही पोर त्यांचं लाडकं ग्रिल खाऊनच टाकणार होती.

आत येऊन तिने नवऱ्याला गाठलं. “बघ, आजही तेच. पाणी मागतात आणि प्यायचं विसरतात. परवा दूध करपून घरभर धूर झाला, हे टेबलाशी पेपर वाचत बसलेले. काल छकुलीचा लंगोट भरला, तरी मांडीवर घेऊन गाणी म्हणत होते. अशा माणसाच्या हातात गॅस द्यायचा?”

“तुला दोरीचाही साप दिसतो,” नवरा म्हणाला. घरात तिला ‘धोक्याची घंटा’ म्हणत. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी ती. हसेनात का. घंटा वाजलीच नाही तर घर जळतं, एवढं तिला कळत होतं.

ग्रिल तिच्या लग्नाच्याही आधीचं. सासूबाई गेल्यापासून ते ताडपत्रीखाली पडून होतं. या महिन्यात सासऱ्यांनी ते बाहेर काढलं. जाळ्या तारेच्या ब्रशने घासघासून काजळी उतरवली. बर्नरच्या नळीत कोळ्याने संसार थाटला होता, त्याला तार घालून बाहेर काढलं. भोकं सुईने एकेक मोकळी केली. झाकणावर नवऱ्याच्या लहानपणी चेंडूने पडलेला पोचा होता, तो मात्र ठोकून काढला नाही. “राहू दे, ओळख आहे त्याची,” म्हणाले. आज संध्याकाळी दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट येणार होत्या. ग्रिल पेटणार होतं.

पेटणार नव्हतं. तिने दुपारीच भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. बाबांना सांगायचं कुणी, एवढंच उरलं होतं. नवरा मान खाली घालून मोबाइल बघत होता, म्हणजे तिलाच सांगावं लागणार होतं.

“सूनबाई, जरा पाणी!”

आता सांगूनच टाकायचं. ग्लास घेऊन ती निघाली आणि दारातच थबकली. उग्र, सडक्या कांद्यासारखा वास. सासऱ्यांच्या हातात काडेपेटी होती. ते ग्रिलकडे बघत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच त्यांनी सिलिंडरची चावी फिरवून बंद केली आणि काडेपेटी खिशात टाकली.

“कुठून येतोय?” त्यांनी हळूच विचारलं.

“कुठून येतोय म्हणजे? तुम्हाला येत नाहीये?”

त्यांनी मान हलवली. “त्या मोठ्या तापात वास गेला तो गेलाच. परवा दूध करपलं तेही तू धावत आलीस तेव्हा कळलं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर याला भंगारात घातलं असतं तुम्ही. तिन्ही पोरांचे वाढदिवस झालेत यावर. छकुलीचा एक तरी व्हावा.”

तिने नजर चुकवली. मग एकदम भडकली. “म्हणून माझ्या भरवशावर गॅस सोडत होता? मला न सांगता? उद्या मला सर्दी झाली असती म्हणजे?”

“गेल्या आठवड्यात शिंकलीस तेव्हा हातसुद्धा लावला नाही मी याला.”

ते खरं होतं. त्या दिवशी ते नुसतेच अंगणात येरझारा घालत होते. कशाला बाहेर आले तेच विसरले, म्हणून ती नवऱ्याला सांगत सुटली होती.

“पण मीच का? तुमचा मुलगा आहे की घरात.”

“त्याला वास आला तर म्हणेल, असेल कसलातरी.” सासऱ्यांनी कठड्यावरचे ग्लास जरा सरळ केले. “तुझी सासू होती तोवर ती उभी राहायची तिथं दारात. ती ‘थांबा’ म्हणाली की मी थांबायचो. आता तुझ्याइतकं घाबरणारं या घरात दुसरं आहे कोण?”

यात टोमणा नव्हता. तिने दोनदा त्यांच्या तोंडाकडे पाहून खात्री केली.

मग ती खाली वाकली. नळीच्या कडेकडेने नाक नेत नेत वळणाशी थांबली. “इथं.” सासऱ्यांनी साबणाचं पाणी लावलं, जेमतेम चावी उघडली. वळणावर बुडबुडे फुगले. रबर चिरलं होतं. चावी पुन्हा बंद झाली. नवरा नवीन नळी आणायला पळाला. भंगारवाला आला तेव्हा त्याला जुनी नळी तेवढी मिळाली. तोंड वाकडं करून तो निघून गेला.

संध्याकाळी घर भरलं. मुलं कणसं सोलत होती, नणंदा एकमेकींना हसत होत्या, छकुली आत्याच्या कडेवर आतल्या खिडकीशी होती. अंगणात सासऱ्यांनी झाकण उघडलं. एक हात चावीवर ठेवला.

“सूनबाई, जरा पाणी!”

नवरा चटकन उठला. ग्लास भरू लागला. “तू बस, मी नेतो.”

“नको,” ती म्हणाली आणि रिकाम्या हातांनी दारात जाऊन उभी राहिली.