आबांचा नेम

गुडघे गेल्यापासून आबा राऊळ शिकारीला गेले नव्हते. म्हणून रमाकांतनं जाड चाकांची बॅटरीवरची सायकल घेतली आणि वडिलांना मागं बसवून डोंगरावर नेलं. सायकलीचा आवाजच नव्हता. आबा वाटभर खुशीत होते.

पाणवठ्याजवळ दोघं करवंदीच्या जाळीआड बसले. थोड्या वेळानं रानडुक्कर बाहेर आलं आणि समोरच उभं राहिलं. रमाकांतनं आबांकडं पाहिलं. बंदूक त्यांच्या हातात तयार होती, पण नजर भलतीकडंच होती. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

डुक्कर पाणी पिऊन निघून गेलं.

"आज काय इला नाय, आबा," रमाकांत म्हणाला.

"डुकर इल्लो. माका वास इलो," आबा म्हणाले. मग चाचपडत त्यांनी बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. "चल घराक."